जुन्या मोटारीतील प्रज्वलनदोष : तक्रारीचा शब्द आणि दोषाचे स्थान

जुन्या मोटारीच्या प्रज्वलनव्यवस्थेत बिघाड झाला म्हणजे दुरुस्त करणाऱ्याच्या हाती प्रथम येतो तो एक शब्द. 'गाडी मिसिंग करते', 'सेल्फ मारतो पण धरत नाही', 'करंट येत नाही', 'गरम झाली की बंद पडते' अशा तक्रारी चालक घेऊन येतो. ह्या शब्दांनी त्याचा अनुभव नेमका सांगितलेला असतो. यंत्राचा कोणता भाग बिघडला हे मात्र त्यांत सांगितलेले नसते. तरीही पुष्कळ गॅरेजांतून शब्दावरून थेट भागावर उडी घेण्याची रीत आहे. मिसिंग म्हटले की प्लग बदलावयाचे, करंट नाही म्हटले की कॉइल. नशीब असेल तेव्हा गाडी सुरू होते. नसेल तेव्हा चार नवे भाग बसतात, मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि नव्या भागांपैकी एखादा सदोष निघाला तर एकाचे दोन दोष होतात. भाड्याने टॅक्सी चालविणाऱ्याला ह्याचा अर्थ दिवसाची कमाई बुडणे आणि मालकाचे भाडे अंगावर येणे असा असे. तक्रारीच्या शब्दापासून दोषाच्या स्थानापर्यंत कसे जावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विवेचनासाठी प्रीमियर पद्मिनी ही गाडी समोर ठेवली आहे. इटलीतील फियाट ११०० डी ह्या गाडीची ही भारतीय आवृत्ती. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती १९६४ पासून तयार होऊ लागली आणि पुढील दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १,०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन, बारा व्होल्टची बॅटरी, एक कॉइल व एक डिस्ट्रिब्यूटर, इतकीच तिची प्रज्वलनाची सामग्री. मुंबईतील अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात पद्मिनी टॅक्सी उरली नाही. खासगी मालकांकडे ह्या गाड्या अजून आहेत. अडचण अशी की आजचा तरुण कारागीर गाडीला संगणकयंत्र जोडून दोष वाचावयास शिकलेला असतो, आणि पद्मिनीत त्या यंत्राला वाचण्यासारखे काहीच नसते. तेथे ठिणगीलाच प्रश्न विचारावे लागतात.

प्रश्न विचारण्यापूर्वी ठिणगी कशी जन्मते ते पाहावयास हवे. बॅटरीकडून निघालेला प्रवाह किल्लीच्या स्विचमधून कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात जातो व तेथून डिस्ट्रिब्यूटरमधील दोन स्पर्शबिंदूंमार्गे गाडीच्या सांगाड्यात उतरून बॅटरीकडे परततो. स्पर्शबिंदू मिटलेले असताना सुमारे चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि कॉइलच्या लोखंडी गाभ्याभोवती चुंबकक्षेत्र उभे राहते. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावरील कॅम स्पर्शबिंदू उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि प्राथमिकाच्या सुमारे शंभरपट फेरे असलेल्या दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब जाड तारेने डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात, तेथून फिरत्या रोटरवर आणि रोटरकडून ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे जातो. एंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर ही घटना सेकंदाला सुमारे १३३ वेळा घडते.

ह्यात दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्यावयाच्या आहेत. पहिली अशी की ठिणगी प्रवाह तुटण्याच्या क्षणी पडते, आणि तो जितका झटकन तुटेल तितकी ती जोरकस. स्पर्शबिंदू उघडताना त्यांच्यामध्ये जाळ होऊन प्रवाह रेंगाळू नये म्हणून त्यांना समांतर एक धारित्र, म्हणजे बोलीतील कंडेन्सर, जोडलेले असते. त्याचे माप सुमारे ०.२ मायक्रोफॅरड असते आणि किंमत सर्व भागांत बहुधा सर्वांत कमी. परंतु ते नसेल तर बाकी सारे शाबूत असूनही ठिणगी दुबळी पडते. दुसरी गोष्ट, दाब नेहमी कमाल मर्यादेपर्यंत चढतो असे नाही. प्लगच्या फटीतून उडी मारण्यास जेवढा लागतो तेवढाच तो चढतो आणि वरची शक्ती शिलकीत राहते. गाडी जुनी होत जाते तशी फट रुंदावते, तारांचे आवरण झिरपू लागते, जोड गंजतात आणि शिल्लक आटत जाते. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. बोरघाट चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरात अधिक मिश्रण भरते, त्याचा दाब वाढतो, ठिणगीला अधिक व्होल्ट लागतात, आणि तेथे शिल्लक संपलेली गाडी झटके देऊ लागते. 'घाटात मिसिंग, खाली ठीक' ह्या तक्रारीत दोषाचे स्थान नसले तरी त्याची जात अशी सांगितलेली असते.

कार्यशाळेच्या बोलीतील काही शब्दांचा इतिहास येथे उपयोगी पडतो, आणि त्यांचे धोकेही. डिस्ट्रिब्यूटरला जुने कारागीर 'डेल्को' म्हणतात. चार्ल्स केटरिंग व एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथे स्थापलेल्या डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांचा हा शब्द. कॅडिलॅक गाड्यांवर तिची प्रज्वलनव्यवस्था १९१० च्या सुमारास आली आणि व्यापारी नाव वस्तूचे सामान्यनाम झाले. स्पर्शबिंदूंना 'प्लॅटिनम' म्हणतात, जरी त्यांच्या टोकांवर कित्येक दशके टंगस्टन धातू वापरला जात आहे. हे शब्द जुने असले तरी निरुपद्रवी आहेत, कारण दोन्ही एकेका वस्तूकडे निःसंदिग्धपणे बोट दाखवितात. 'करंट' ह्या शब्दाचे तसे नाही. व्होल्टचा दाब, वाहणारा प्रवाह आणि प्लगवरील ठिणगी ह्या तिन्हींना गॅरेजात तोच शब्द आहे. 'कॉइलला करंट आहे' असे एकाने म्हटले तर त्याच्या मनात कॉइलमध्ये शिरणारा बारा व्होल्टचा दाब असतो. ऐकणारा कॉइलमधून निघणारी ठिणगी समजतो आणि तपासणीचा अर्धा मार्ग गाळून पुढे जातो. संदिग्ध शब्दामुळे चांगली कॉइल फेकली जाते, ती अशी. ('अर्थ मिळत नाही' ही तक्रार मात्र कोणत्याही गॅरेजात संदिग्ध नसते, ती केवळ साहित्याच्या विद्यार्थ्यालाच दचकविते.)

आता प्रत्यक्ष तपासणी. सेल्फ एंजिन नीट फिरवितो, पेट्रोल आहे, पण गाडी धरत नाही, अशी स्थिती घेऊ. पहिला प्रश्न असा विचारावयाचा की त्याच्या एकाच उत्तराने अर्धी व्यवस्था निर्दोष ठरावी. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या मध्यभागी आलेली कॉइलची जाड तार उपसावी, तिचे टोक लाकडी वा रबरी मुठीच्या चिमट्याने एंजिनच्या उघड्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावे आणि सेल्फ मारावयास सांगावे. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे हे सांगावयास नको. तारेचे टोक फार दूरही ठेवू नये. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतील आवरण फोडून वाट काढते. निळसर, चट्चट् आवाज करणारी ठिणगी नियमित पडली तर कॉइल, स्पर्शबिंदू, कंडेन्सर व स्विच ह्या सर्वांना तूर्त सोडून द्यावयाचे आणि रोटर, झाकण, तारा व प्लग यांच्याकडे वळावयाचे. ठिणगी पिवळट व क्षीण असेल, किंवा मुळीच नसेल, तर दोष कॉइलपर्यंतच्या भागात आहे. ह्या एका मिनिटाच्या परीक्षेशिवाय कोणताही भाग विकत घेणे म्हणजे उगाच पैसे घालविणे होय.

ठिणगी नाही असे समजा. पुढचा साक्षीदार म्हणजे बारा व्होल्टचा लहान दिवा. त्याची एक तार सांगाड्याला व दुसरी कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाला लावावी, किल्ली चालू करावी आणि एंजिन हाताने हळूहळू फिरवावे. स्पर्शबिंदू मिटतात तेव्हा प्रवाहाला सांगाड्याची सोपी वाट मिळते, म्हणून दिवा विझतो. उघडतात तेव्हा तो पेटतो. ह्या पेटण्या-विझण्याची तीन रूपे संभवतात. दिवा पाळीपाळीने पेटत व विझत असेल तर प्राथमिक मंडल जुळते आहे व तुटते आहे. संशय कंडेन्सरवर किंवा कॉइलच्या दुय्यम वेटोळ्यावर जातो. दिवा सदैव पेटलेला राहिला तर स्पर्शबिंदू मिटतच नाहीत, किंवा मिटूनही त्यांच्यामध्ये मळ, तेल वा गंज आहे, किंवा ज्या तबकडीवर ते बसतात तिची सांगाड्याशी जोडलेली बारीक तार तुटली आहे. दिवा कधीच पेटला नाही तर दोन शक्यता उरतात आणि त्या एका कृतीने वेगळ्या करता येतात. कॉइलवरून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी तार सोडवावी. तेवढ्याने दिवा पेटला तर डिस्ट्रिब्यूटरच्या आत प्रवाह अवेळी सांगाड्यात उतरत आहे: स्पर्शबिंदूच्या पातीखालचे निरोधक वायसर निसटले असेल, आतील तारेचे आवरण घासून गेले असेल, किंवा कंडेन्सर आतून जुळला असेल. तरीही दिवा पेटला नाही, तर कॉइलचे प्राथमिक वेटोळे तुटले आहे किंवा कॉइलपर्यंत दाबच पोचत नाही. दिवा कॉइलच्या स्विचकडील टोकाला लावताच हेही उलगडते.

नवे स्पर्शबिंदू बसविल्यावर दिवा सदैव पेटलेला राहणे, हा अनुभव इतक्यांना आला आहे की त्याचा स्वतंत्र उल्लेख करणे योग्य. कारखान्यातून येणाऱ्या स्पर्शबिंदूंवर कित्येकदा गंजरोधक थर असतो. तो स्पिरिटने पुसून न काढल्यास निरोधक म्हणून काम करतो. जुने स्पर्शबिंदू सँडपेपरने घासण्याची सवयही तितकीच घातक आहे, कारण कागदावरचे कठीण कण टंगस्टनमध्ये रुतून बसतात. बारीक कानस व स्वच्छ कापड एवढे पुरे.

दिव्याच्या साक्षीला एक मर्यादा आहे आणि बहुतेक माहीतगार येथेच फसतात. दिवा पेटला म्हणजे दाब पोचला इतकेच सिद्ध होते. पुरेसा प्रवाह वाहू शकतो हे सिद्ध होत नाही. तीन वॉटच्या दिव्याला पाव अँपिअर प्रवाह पुरतो. त्याचा रोध सुमारे ४८ ओहम. स्विचमधील वा फ्यूजजवळील गंजलेल्या जोडात तीन ओहमचा रोध निर्माण झाला, आणि स्पर्शबिंदू उघडे असताना दिवा कॉइलच्या स्विचकडील टोकाला लावला, तर त्याच्या वाट्याला अकरा व्होल्टहून अधिक येतात आणि तो झगझगीत पेटतो. कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध मात्र स्वतःच सुमारे तीन ओहम असतो. स्पर्शबिंदू मिटताच बारा व्होल्टची निम्मी वाटणी गंजलेल्या जोडाकडे जाते, प्रवाह चारऐवजी दोन अँपिअर होतो, आणि चुंबकक्षेत्रातील ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती चतुर्थांशावर येते. एवढ्या शिलकीवर घाट चढत नाही, पावसाळी सकाळी गाडी सुरूही होत नाही. आणि दिवा तर 'करंट आहे' असे सांगत असतो. म्हणून ही परीक्षा स्पर्शबिंदू मिटलेले असताना आणि शक्यतो व्होल्टमीटरने करावी. बॅटरीचे धन टोक व कॉइलचे स्विचकडील टोक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर मधला प्रत्येक जोड उघडून घासावा. ज्या गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रोधक बसविलेला असतो तेथे हा फरक मुळातच असतो, तेव्हा रोधकाच्या अलीकडे मोजावे. अशाच गाड्यांत सेल्फ चालू असेतोवर एंजिन पेटते आणि किल्ली सोडताच विझते, तेव्हा तो रोधकच तुटलेला असतो.

सर्वांत कठीण तक्रार 'गरम झाली की बंद पडते' ही. वीस-तीस मिनिटे गाडी उत्तम धावते, एप्रिल-मे महिन्यांत सिग्नलवर उभी असताना मरते आणि अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशी सुरू होते. ह्याची दोन अगदी भिन्न कारणे आहेत. एक इंधनाचे: पेट्रोलची नळीत वा पंपात वाफ होऊन पुरवठा तुटतो. दुसरे प्रज्वलनाचे: उष्णतेने कॉइलमधील तुटकी तार किंचित दूर जाते, किंवा कंडेन्सरचे आतील आवरण दगा देते. चालकांचा सर्वमान्य उपाय म्हणजे पेट्रोलपंपावर ओले फडके टाकणे. फडक्याने पंप थंड होतो हे खरे. पण फडके भिजवून, टाकून, वाट पाहीपर्यंत कॉइल आणि कंडेन्सरही थंड होतात. गाडी दोन्ही कारणांनी सुरू होते आणि चालक व कारागीर दोघेही 'पेट्रोलचाच प्रॉब्लेम' ह्या निष्कर्षावर ठाम होतात. पंप बदलला जातो. आठवड्याने गाडी पुन्हा मरते. ज्या परीक्षेचा निकाल दोन्ही कारणांत एकच येतो ती परीक्षाच नव्हे, हे येथे स्पष्ट व्हावे. ह्या दोषाचा पुरावा फक्त गाडी मेलेली असतानाच उपलब्ध असतो. म्हणून तिथल्या तिथे, रस्त्याच्या कडेला, पहिली तीन मिनिटे कॉइलच्या तारेची ठिणगी पाहण्यात घालवावीत. निळी ठिणगी पडली तर फडके जरूर टाकावे. पडली नाही तर जवळचा, चांगला असल्याची खात्री असलेला कंडेन्सर बाहेरून तात्पुरता जोडून पाहावा; जुन्याची तार आधी सोडवावी, कारण तो आतून जुळलेला असेल तर नवा शेजारी जोडून उपयोग नाही. तरीही ठिणगी नसेल तर कॉइल. खात्री असलेला, असे म्हटले ते सहेतुक. नुकताच विकत घेतलेला भाग चांगलाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

कंडेन्सर कमजोर झाल्याची खूण स्पर्शबिंदूंवर उमटते. ते करपून निळसर-काळे दिसतात, आणि एंजिन फिरत असताना त्यांच्यामध्ये सतत ठळक जाळ दिसतो. एका टोकावर खड्डा व समोरच्यावर उंचवटा झाला असेल तर कंडेन्सरचे माप त्या कॉइलला अनुरूप नाही असा संशय घेण्यास जागा आहे.

आता 'मिसिंग'. एंजिन चालू आहे, पण एखादा सिलिंडर काम करीत नाही. मंद गतीवर प्लगच्या तारा एकेक करून निरोधक चिमट्याने उपसाव्यात व लगेच एंजिनच्या धातूजवळ धराव्यात. चांगल्या सिलिंडरची तार काढताच एंजिन लंगडते. जिची तार काढून काही फरक पडत नाही तो सिलिंडर दोषी. परंतु दोष प्लगचा, तारेचा, झाकणाचा की वॉल्वचा? त्यासाठी तो प्लग शेजारच्या चांगल्या सिलिंडरात घालावा आणि तिकडचा इकडे. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग दोषी. जागेवर राहिला तर प्लग निर्दोष, आणि मग हीच अदलाबदल तारांची करावी. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही पद्धत परिचयाची वाटेल. बाकी परिसर तसाच ठेवून एकच घटक बदलावयाचा आणि काय बदलते ते पाहावयाचे, ही वर्ण निश्चित करण्याची कसोटीच होय. दोन घटक एकाच वेळी बदलले की तिचे मूल्य शून्य होते. आणि चारही प्लग एकदम बदलणारा कारागीर नेमके हेच करतो.

पद्मिनीच्या एंजिनात सिलिंडर १, ३, ४, २ ह्या क्रमाने पेटतात. ३ नंतर लगेच ४ ची पाळी असते आणि २ नंतर लगेच १ ची. शेजारी असलेल्या ह्या जोड्यांच्या तारा एकमेकींना चिकटून समांतर धावत असतील व आवरण जुने असेल तर एकीतील दाब दुसरीत उतरतो आणि दाबले जाऊ लागलेले मिश्रण अवेळी पेटते. धक्के व ठोके येतात. रात्री अंधारात बॉनेट उघडून एंजिन चालू ठेवले तर तारांवर किंवा झाकणावर निळसर झिरप डोळ्यांनी दिसते. दिवसा तासभर शोधून न सापडणारा दोष असा क्षणात सापडतो. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या आत दव धरते. ते पुसून गाडी सुरू झाली तरी झाकण प्रकाशात धरून पाहावे. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगीने कोळशाची वाट पाडलेली आहे आणि ते झाकण फेकावयाचे. झाकणाच्या मध्यातील कार्बनची कांडी झिजली वा अडकली आहे का, तेही त्याच वेळी बघावे. सी.एन.जी.वर चालविलेल्या गाड्यांत ह्या साऱ्या दुबळेपणाचा बोभाटा लवकर होतो, कारण त्या मिश्रणातून ठिणगी पाडण्यास पेट्रोलपेक्षा अधिक दाब लागतो. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग, ह्या तक्रारीत गॅसच्या सामग्रीला दोष देण्यापूर्वी प्लगची फट व तारा पाहिलेल्या बऱ्या.

टायमिंगसंबंधी थोडेच सांगावयाचे आहे. कॅमवर घासणारी स्पर्शबिंदूची टाच झिजते तशी स्पर्शबिंदूंमधील फट कमी होते, ते उशिरा उघडू लागतात आणि ठिणगी मागे पडते. गाडी मंद होते, तापते, पेट्रोल अधिक पिते. पण बंद पडत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. फट साधारणपणे ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. आधी फट, मग टायमिंग हा क्रम उलटवू नये, कारण फट बदलली की टायमिंग पुन्हा बदलते. आणि डिस्ट्रिब्यूटरचा दांडा बुशात डुगडुगत असेल तर दोन्ही कितीही काळजीने जुळविले तरी टिकणार नाही. दांडा हाताने आडवा हलवून पाहावयास अर्धे मिनिट लागते.

अलीकडे पुष्कळ मालक स्पर्शबिंदू व कंडेन्सर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच बसवितात. टाच झिजत नाही, फट जुळवावी लागत नाही, ठिणगी दीर्घकाळ एकसारखी राहते. तारा, झाकण, रोटर व प्लग यांविषयी वर सांगितलेले सर्व तेथेही लागू पडते. दिव्याची परीक्षा मात्र तशीच्या तशी लागू पडत नाही, आणि तो स्विच निकामी झाला तर रस्त्यात कानस-कापडाने काही करता येत नाही. म्हणून जाणते मालक काढलेले जुने स्पर्शबिंदू, तबकडी व कंडेन्सर टाकून देत नाहीत. फडक्यात गुंडाळून, एका पेचकसासह, डिकीत ठेवतात.